एक वेत तुमचं, एक माझं

लग्न उन्हाळ्यात झालं. रीतीप्रमाणे आषाढ माहेरी काढून मी परत सासरी आले, तेव्हा उन्हाळ्यात बघितलेलं गाव मला कुठं दिसेना. गगनबावड्याच्या एसटीतून आम्ही उतरलो, गाडी पुढं गेली आणि बघता बघता विरघळली. नवऱ्यानं माझी पिशवी घेतली. "चल, इथंच हाय घर," म्हणून तो धुक्यात शिरला आणि मी त्याच्या पाठीकडं बघत मागनं चालू लागले. वाटेत कुणीतरी खोकलं. कुणीतरी "आली व्हय सूनबाई?" म्हणून विचारलं. माणूस दिसलं नाही. मी नुसतीच धुक्याकडं बघून हसले.

माझं माहेर गडहिंग्लजच्या बाजूचं. तिथं नजर टाकाल तिकडं मोकळं रान. पाऊस यायचा, पडायचा आणि जायचा. इथं तो मुक्कामाला असायचा. कपडे चुलीवर वाळवायचे, सरपण माळ्यावर जपायचं, आणि दुपारीसुद्धा घरात दिवा. नव्वदीची नुकती सुरुवात होती. त्या पावसाळ्यातलं जे आठवतं ते दिसलेलं थोडं आणि ऐकलेलं जास्त: पन्हाळीचं पाणी, गोठ्यातलं रवंथ, डोंगराच्या अंगानं खाली येणारी एक घंटा. ती आधी अंगणाच्या पलीकडं कुठंतरी वाजायची, मग जवळ, मग आणखी जवळ, आणि अचानक धुक्यातनं एक ओलं तांबडं तोंड बाहेर यायचं. त्याच्यामागं घोंगड्याची खोळ घेतलेले माझे सासरे.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूला आत्त्या. माझा नवरा त्यांचा एकुलता एक. तो साखर कारखान्यात पाळीनं कामाला जायचा. आमच्या घरात जनावरांना रंगावरनंच हाक मारत, म्हणून त्या गायीला सगळे तांबडी म्हणत. ती बुटकी होती, शिंगं आखूड, खुरं काळीभोर, आणि चढावर शेळीसारखी चालायची. कधी आजारी पडलेली कुणाला आठवत नव्हती. दूध मात्र वासरानं पिऊन उरलंच तर चहापुरतं. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. ते सकाळी तिला घेऊन डोंगराला जायचे आणि दिवस कलताना परत यायचे. बोलायला त्यांना माणसापेक्षा तीच बरी वाटत असावी.

गावात दूध संस्था निघाली ती माझ्या लग्नानंतर वर्षभरात. सकाळी शेजारणी किटल्या घेऊन निघायच्या, धुक्यात त्यांच्या किटल्यांचा खळखळाट तेवढा ऐकू यायचा, आणि आत्त्या दारात उभ्या राहून तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकायच्या. एक दिवस त्यांनी जेवताना विषय काढला.

"यंदा तांबडीला जर्सीचं भरवायचं."

मामांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "माझी गाय हाय ती."

"व्हय, गाय तुमची. पण शेण मी काढतो, वैरण मी घालतो, धार मी काढतो. तुमी नुसतं तिच्यासंगं फिरायला जाताय."

आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. आत्त्यांच्या तोंडात ते फारच शोभायचं.

"माणसानं मोटरसायकलवरनं यायचं, काचेची कांडी घालायची, आणि वासरू व्हायचं," मामा म्हणाले. "बाप कोण, कुठला, त्याचं तोंड तरी कुणी बघितलंय का?"

"तुमचं तोंड तरी मी कुठं बघितलतं लगनाआधी?" आत्त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन उठले. पण भांडण खरं होतं. पुढं कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आत्त्या मला सांगायच्या, "त्यास्नी म्हण, चहा झालाय." मामा मला सांगायचे, "तिला म्हण, ठेव तिथं." एकाच खोलीत दोघं, मध्ये मी, आणि बाहेर पाऊस. शेवटी एका दुपारी आत्त्यांनीच तोड काढली.

"एक वेत तुमचं, एक माझं," त्या थेट मामांना म्हणाल्या. "माझ्या वेताला मी म्हणीन ते भरवायचं. तुमच्या वेताला तुमी गावातला वळू दाखवा, न्हायतर डोंगरातला गवा दाखवा, मी शब्द काढणार न्हाय."

मामा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "पैलं कुणाचं?"

"माझं."

"का म्हणून?"

"मी इचारलं म्हणून."

तांबडी माजावर आली तेव्हा संस्थेचा माणूस आला. त्याच्या गाडीला मागं एक जाडजूड ॲल्युमिनियमचं भांडं बांधलेलं होतं. त्यानं झाकण उघडलं आणि आतनं पांढरी वाफ बाहेर पडली. वर न जाता ती भांड्याच्या कडेवरनं खाली ओघळली आणि आमच्या अंगणातल्या धुक्यात मिसळून गेली. मला तेव्हा दिवस गेले होते आणि मला सगळंच स्वप्नात घडल्यासारखं वाटायचं. कुठल्या तरी लांबच्या गोठ्यातला एक बैल, कदाचित आता जिवंतही नसलेला, आणि त्याचं बीज त्या थंड वाफेत झोपलेलं. मामा डोंगराला निघून गेले होते. आत्त्यांनी तांबडीचं तोंड धरलं होतं आणि त्या तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या.

माझी मुलगी झाली आणि दोन महिन्यांनी तांबडी व्यायली. मी बाळाला घेऊन गोठ्याच्या दारात उभी होते. वासरू पडलं ते बदामी रंगाचं, डोळ्यांभोवती काजळ भरल्यासारखी काळी कड, आणि पाय इतके लांब की ते कुणाचे आणून लावलेत असं वाटावं. कालवड होती. आईनं अर्धं चाटलं नाही तोवर ती उभी राहायला बघायला लागली. पडली, उठली, पुन्हा पडली, आणि मग थेट कासेला जाऊन अशी धडक दिली की तांबडी बिचारी एक पाऊल सरकली.

"बघा की ओ!" आत्त्या ओरडल्या. "काय जीव हाय बघा!"

मामांनी बघितलं नाही. ते अंगणात कासरा वळत बसले होते. खरवस केला तोही त्यांनी खाल्ला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पहाटे बाळाला घेऊन उठले, तेव्हा गोठ्याच्या दारात घोंगड्याची खोळ दिसली. मामा नुसते उभे होते. मी चाहूल न देता मागं फिरले.

त्या कालवडीला सगळे बदामी म्हणू लागले. ती वाढली ती डोळ्यांदेखत. तिच्याबरोबरची गावरान वासरं अजून आईच्या पोटाखाली होती, तेव्हा ही कुंपण ओलांडून भातात जायची. आईसारखीच डोंगर चढायची, आईसारखंच वाटेल ते खायची, पावसात भिजायची, आणि तिला काही व्हायचं नाही. आई तांबडी ज्या वयात पहिल्यांदा गाभण राहिली होती त्याच्या किती तरी आधी ही गाभण राहिली. व्यायली तेव्हा आत्त्यांनी पहिल्या दिवशी भांडं भरलेलं बघितलं, आत जाऊन दुसरं आणलं, आणि मग शेणाच्या पालथ्या पाटीवर बसून पदरानं डोळे पुसले. त्यानंतर आमच्याही घरातनं सकाळी किटली निघायला लागली.

मधल्या काळात मामांचंही वेत येऊन गेलं. तांबडीला त्यांनी गावातला वळू दाखवला आणि तिला खोंड झाला, आईसारखाच तांबडा आणि बुटका. मामांनी त्याला अंगाखांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी होतं.

बदामीबद्दल त्यांचं मत बदललं ते एका पावसाळ्यात. मामा नेहमीसारखे डोंगराला गेले होते आणि दुपारीच असं दाट धुकं उतरलं की आम्हाला अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. दिवस कलायची वेळ झाली तरी घंटा वाजली नाही. नवरा टॉर्च घेऊन निघायच्या बेतात होता, एवढ्यात बदामी हंबरली. तिची हाक वेगळी होती, लांब आणि नाकातनं. ती अंगणात आली तेव्हा मामा तिच्या गळ्यातल्या दाव्याला धरून एका पायानं लंगडत होते. मागं तांबडी आणि तिचा खोंड.

ओल्या दगडावरनं मामांचा पाय घसरला होता. घोटा सुजून गच्च झाला होता. वाट दिसेना, म्हणून ते तिथंच बसून राहिले होते. तांबडी जवळच निवांत चरत राहिली होती. पण बदामीची कास भरली होती आणि तिला घर हवं होतं. ती निघाली, तसं मामांनी तिचं दावं धरलं.

"मी थांब म्हणालो तर थांबंना," चुलीपाशी पाय शेकत मामा म्हणाले. "चल म्हणालो तर वडत आणलं मला. पार दारापतुर."

आत्त्या हळद गरम करत होत्या. "मग? कुणाच्या वेताची हाय ती?"

त्या दिवसापासनं डोंगरावरनं येताना मामा बदामीच्या पुढं नाही, तिच्या बरोबरीनं चालायला लागले.

ती वर्षं मला आता एकाच लांब सकाळीसारखी आठवतात. माझी मुलगी गोठ्याच्या उंबऱ्यात बसून दुधाचा फेस खायची. पाठीमागनं वासरं तिची वेणी चघळायची. शेणाचा, पेंडीचा आणि ओल्या घोंगड्याचा एक मिळून वास असायचा, आणि मी धार काढताना बदामीच्या पोटाला डोकं टेकून अर्धवट झोपायचे. तिच्या पोटातली गुरगुर कानात यायची. त्या झोपेत मला कधीकधी माझ्या माहेरचं ऊन दिसायचं, सपाट, पिवळं, कुठंही न अडणारं. धार संपली की ते विझायचं.

माझ्या नवऱ्याला वेगळी स्वप्नं पडायची. कारखान्याला जाताना त्याला सपाटीवरचे गोठे दिसायचे. तिथं काळ्यापांढऱ्या मोठमोठ्या गायी सिमेंटच्या कोब्यावर उभ्या असायच्या. तो घरी येऊन हातानं त्यांची उंची दाखवायचा. "अगं, कास म्हणजे ही अशी! एका गायीत आपल्या गोठ्याचं दूध." बदामी पुन्हा माजावर आली तेव्हा त्यानं त्या काळ्यापांढऱ्या होलस्टीनचं भरवायचं ठरवलं. मामा नको म्हणाले. आत्त्या या वेळी गप्प बसल्या, कारण त्यांनाही ते भांडं डोळ्यांसमोर दिसत होतं. मला विचारलं असतं तर मीही हो म्हणाले असते. अर्ध्या रक्तात एवढं दूध, मग पाऊण रक्तात किती, असा सरळ हिशेब सगळ्यांच्याच मनात होता.

झाली ती काळीबांडी. नवऱ्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ती उंच झाली, देखणी झाली, आणि दुधाचं म्हणाल तर आत्त्यांच्या हाताला दोन्ही वेळेला रग लागायची. गावातली माणसं बघायला यायची. नवरा तिच्या शेजारी उभा राहायचा तेव्हा त्याचीही छाती जरा रुंद दिसायची. पण ती डोंगराला जात नव्हती. चार पावलं चढली की धापा टाकायची. खुरं मऊ होती, चिखलात ती सडायला लागायची. तिला बसायला कोरडं लागायचं, आणि आमच्याकडं पावसाळ्यात कोरडं फक्त चुलीतली राख. आम्ही तिच्याखाली भाताचं पिंजर घालायचो, ते ओलं झालं की पुन्हा घालायचो. नवरा रात्रपाळी करून आला की आधी तिची खुरं पुसायचा, मग स्वतःचे पाय धुवायचा.

दुसऱ्यांदा व्यायल्यावर, श्रावणात, तिनं वैरण सोडली. अंग तापलं होतं, खांद्यापुढं लिंबाएवढी गाठ आली होती. नवरा कारखान्यातनं आला आणि तसाच सायकलवर डॉक्टरबाईंना बोलवायला गेला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकत्याच आलेल्या त्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. रेनकोट घालून स्कूटरवरनं आल्या, गायीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, आणि म्हणाल्या, "गोचीड ताप आहे. उशीर झालाय. डोळे बघा, पांढरे पडलेत. रक्तच उरलं नाही तिच्यात."

त्यांनी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काळीबांडी बसली ती उठेना. आम्ही पोत्यांचे पट्टे तिच्या पोटाखालनं घालून तिला उचलायला बघितलं. ती मान टाकून द्यायची. डॉक्टरबाई पुन्हा आल्या. बराच वेळ तिच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि मग म्हणाल्या, "रक्त देऊन बघू. चांगली तब्येत असलेली एक गाय लागेल."

आम्ही सगळ्यांनी एकदमच बदामीकडं बघितलं.

तो प्रसंग मी किती तरी वेळा स्वप्नात बघितला आहे, आणि स्वप्नात तो जसा दिसतो तसाच तो खरा होता. गोठ्यात धुकं शिरलेलं. मामांनी बदामीचं तोंड छातीशी धरलेलं. डॉक्टरबाईंनी तिच्या मानेची शीर दाबली, जाड सुई घातली, आणि नळीतनं गडद लाल रक्त बाटलीत उतरायला लागलं. बाटली मी धरली होती. ती हातात गरम होत गेली. बदामी हलली नाही. मामा तिला सांगत होते, "तुझीच लेक हाय. तुझीच हाय. उभी ऱ्हा." मग तीच बाटली नवऱ्यानं वाशाला उलटी टांगली आणि आईचं रक्त थेंबाथेंबानं लेकीच्या अंगात जायला लागलं. आत्त्या दोघींच्या मध्ये उभ्या होत्या. त्यांचा एक हात हिच्या पाठीवर होता, एक तिच्या.

दिवसभर आम्ही गोठ्यातच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी काळीबांडीनं कान हलवले. संध्याकाळी तिनं नवऱ्याच्या हातातनं मूठभर गवत ओढलं. तो ओक्साबोक्शी रडला. मी त्याला तसं रडताना आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

ती जगली. पण डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. अंगणात चहा घेत होत्या, पाऊस जरा थांबला होता.

"हिला इथं ठेवू नका. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच होईल. दोष तिचा नाही. तिला कोरडी हवा आणि भरपूर वैरण लागते, ती तुमच्याकडं नाही."

"पण हिची आई कशी राहते?" मी विचारलं. "तिच्यातपण बाहेरचं रक्त हाय की."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "कारण तिच्यात निम्मं घरचं आहे. दोन लांबलांबच्या जाती पहिल्यांदा एकत्र येतात ना, तेव्हा त्या पिढीत जोम येतो. वाढ चांगली, गाभण लवकर, आजार कमी. दोघांचं उजवं एकात उतरल्यासारखं. संकराचा जोम म्हणतात त्याला. पण तेच तेच बाहेरचं पुढं वाढवत नेलं, की दूध वाढतं आणि तो जोम उतरतो. डोंगराचं जे आईकडनं आलं होतं ते पातळ होत जातं."

"मग करायचं काय?"

"बदामीसारख्या गायी पुन्हापुन्हा हव्या असतील, तर तांबडीसारख्या गायी शिल्लक पाहिजेत. दोन्ही टोकं असतील तर मधलं होणार. आणि गावरान वळूसुद्धा पाहिजे. तुमच्या गावात आहे का एखादा?"

गावात नव्हता. सगळ्यांनी कांड्या भरून घेतल्या होत्या, वळू कुणी पाळला नव्हता. जुना होता तो कधीच गेला होता. मामा तोवर भिंतीला टेकून ऐकत होते. ते उठले आणि गोठ्याच्या मागनं त्यांच्या वेताचा खोंड घेऊन आले. त्याला आता पुरतं वशिंड आलं होतं. मामांनी त्याला औताला जुंपलं नव्हतं, खच्चीही करू दिलं नव्हतं, आणि आत्त्यांनी त्यावरनं त्यांना किती तरी वेळा सुनावलं होतं. डॉक्टरबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. त्यांचा चेहरा उजळला.

"छान आहे की! पण मामा, ह्याला तुमच्या गायींवर सोडायचं नाही. तांबडी त्याची आई, बदामी बहीण. दुसऱ्या गावाला द्या आणि तिकडचा आणा."

मामांचं तोंड उतरलं. पण त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग मुलाला म्हणाले, "चल. माझ्या आजोळी असाच एक हाय."

मामांचं आजोळ गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरची एक वाडी. बाप आणि लेक दोघं खोंडाला घेऊन चालत गेले. होलस्टीनच्या वेळेपासनं दोघांत नीट बोलणं नव्हतं. तिथं मुक्काम करून ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळसर तांबडा वळू होता, आणि दोघं एकच तंबाखूची पिशवी वापरत होते. वाटेत काय बोलणं झालं ते मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काय न्हाय. त्यांनी मला झाडांची नावं सांगितली."

काळीबांडीला आम्ही माझ्या माहेरी पाठवलं. माझ्या भावाकडं विहीर होती, वैरणीला उसाचं वाडं होतं, आणि भिंतींना ऊन लागायचं. टेम्पोत चढवताना ती वळून वळून बघत होती. नवरा मागं तिच्याजवळ उभा राहून गडहिंग्लजपर्यंत गेला. मी दारात उभी राहिले. मी ज्या वाटेनं आले होते त्याच वाटेनं ती उलटी चालली होती, आणि क्षणभर मला तिचा हेवा वाटला. मग मुलीनं पाणी मागितलं आणि मी आत गेले.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तिला बघितलं. लख्ख उन्हात डोळे मिटून ती रवंथ करत होती. अंगावर मांस आलं होतं, कातडी चकाकत होती. माझी आई, आमची अव्वा, म्हणाली, "शाणी हाय गं. दूध देती आणि पडून राहती." नवरा तिच्यापाशी गेला, गळ्याखाली खाजवलं. तिनं डोळे उघडून बघितलं आणि पुन्हा मिटले. तो तिच्या शेजारी उन्हात पाय पसरून बसला. जेवायला हाक मारली तरी उठला नाही.

त्यानंतर गोठ्याचं ठरवणं हळूहळू माझ्याकडं आलं. कुणी सोपवलं असं नाही. डॉक्टरबाई यायच्या, मी विचारायचे, त्या सांगायच्या. तांबडीला मामांच्या पुढच्या वेतात नव्या वळूपासनं एक तांबडी कालवड झाली, ती आम्ही जपली. तिला जर्सीचं भरवलं की बदामी वासरं व्हायची. त्या बदामी कालवडींना पुढं घाटमाथ्यावरनं बदलून आणलेला दुसरा वळू दाखवायचा, आणि त्यांच्या लेकींना पुन्हा जर्सी. एकदा इकडचं, एकदा तिकडचं. दूध काळीबांडीएवढं कधी झालं नाही. पण सगळी डोंगराला जायची आणि सगळी घरी यायची. पुढं आजूबाजूच्या बायका त्यांच्या गायी घेऊन वळूसाठी आमच्याकडं यायला लागल्या. ज्या माणसाला कधी कुणाशी बोलायचं सुचत नसे, ते मामा अंगणात खाट टाकून बसायचे आणि येईल त्याला म्हणायचे, "बसा पावणं. च्या घेऊन जावा."

आत्त्या आणि मामांचं भांडण मात्र चालूच होतं. आता ते कुठल्या वासराचे डोळे चांगले, यावर व्हायचं. तांबडी म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. तिला आम्ही भाताच्या बांधावर पुरलं.

मामा गेले ते पुढच्या दशकात, एका हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापानं. शेवटच्या दिवशी त्यांनी खाट दारात ओढायला लावली, गोठा दिसावा म्हणून. आत्त्या रडल्या नाहीत. दहाव्यापर्यंत त्या कुणाशी फारशा बोलल्याच नाहीत. जनावरं दाव्याला बांधून होती आणि दिवसभर हंबरायची, कारण डोंगराला न्यायला कुणी नव्हतं. नवऱ्याची पाळी होती, मुलगी कोल्हापूरला कॉलेजात होती.

एका सकाळी मी उठले तर आत्त्या काष्टा घट्ट करून, मामांची खोळ खांद्यावर टाकून उभ्या होत्या.

"दावी सोड," त्या म्हणाल्या. "मी जातो."

"आत्त्या, चढ हाय. तुम्हाला वाट तरी ठावं हाय का?"

"मला न्हाय. त्यास्नी ठावं हाय की." त्यांनी गायींकडं हात केला.

मीही चप्पल घालून निघाले. गायी पुढं, आम्ही दोघी मागं. एवढी वर्षं त्या डोंगराच्या पायथ्याशी काढून आम्ही दोघी कधी वर गेलो नव्हतो. आमचं सगळं काम खाली होतं. धुकं होतं. आधी गायींची पाठ दिसत होती, मग शेपट्या, मग नुसता खुरांचा आवाज. आत्त्या मध्येच थांबायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा चालायच्या. मग एका ठिकाणी धुकं संपलं. पातळ झालं असं नाही, संपलंच. आम्ही त्याच्या बाहेर आलो आणि डोक्यावर निळं आभाळ, अंगावर ऊन. खाली आमचं गाव, रस्ता, भातखाचरं, सगळं एका पांढऱ्या पाण्याखाली गेलेलं, आणि त्यातनं वर आलेले डोंगराचे नुसते माथे, बेटांसारखे.

गायी पांगल्या. काही तांबड्या, काही बदामी, एक दोन्हींच्या मधल्या रंगाची. माना खाली घालून सगळ्या चरायला लागल्या. आत्त्यांनी एका सपाट कातळावर खोळ अंथरली आणि त्या बसल्या. बराच वेळ खालच्या पांढऱ्याकडं बघत राहिल्या. मी त्यांना भाकरी दिली, त्यांनी ती हातातच धरून ठेवली.

"जरा आडवी होतो," त्या म्हणाल्या. "तू बघशील न्हवं?"

"बघतो की," मी म्हणाले. माझ्याही तोंडात आता इकडचंच बोलणं बसलं होतं.

त्या कुशीवर वळल्या, गुडघे पोटाशी घेतले, आणि त्या उन्हात त्यांना गाढ झोप लागली. मामा गेल्यापासनंची ती पहिली झोप असावी. एक कालवड चरत चरत जवळ आली, त्यांच्या पदराचा वास घेतला, आणि शेजारीच गवत तोडायला लागली. मी तिला हाकललं नाही. गवत तुटण्याचा बारीक आवाज होत होता, आणि आत्त्या झोपल्या होत्या.